मुक्कामी गाडी : हॅम्बुर्ग – नॉर्डकाप – हॅम्बुर्ग

आधी कागदावर

आमच्याकडे सहलीचा आराखडा नवरा करतो, आणि तो एक्सेलमध्येच करतो. रंगीत रकाने, रकान्यांत किलोमीटर, शेवटी बेरीज. मार्चमध्ये त्याने पहिला मसुदा वाचून दाखवला, तेव्हा हॅम्बुर्गहून निघून नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्डकापला, पाच दिवसांत पोचायचं होतं. चिपळूणहून आप्पा व्हिडिओ कॉलवर ऐकत होते. आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत एकतीस वर्षं चालक, चिपळूण आगार, त्यातली निम्मी वर्षं कुंभार्ली घाटात.

"जावईबापू, रोजचे साडेपाचशे लिहिलेत. ड्युटी कुणाची? जेवणाचा थांबा कुठे? मुक्काम कुठे?"

"आप्पा, तिकडचे रस्ते फार चांगले आहेत."

"रस्ता चांगला असला की डायवर झोपतो."

आप्पा जुलैत आमच्याकडे यायचेच होते आणि गाडीत पुढच्या सीटवर बसणार हेही ठरलेलं होतं. त्यामुळे सगळा आराखडा पुसून नव्याने मांडला. या वेळी सुरुवात अडचणींपासून केली. पहिली अडचण सूर्याची. नॉर्डकापला साधारण १४ मे ते २९ जुलै सूर्य मावळत नाही. लेकीची शाळा सुटणार जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे हातात जेमतेम दहा दिवस. त्यावरून दिशा आपोआप ठरली : जाताना स्वीडन-फिनलंडमधून, कारण तो रस्ता सरळ आणि वेगाचा. येताना नॉर्वेच्या किनाऱ्याने, कारण तिथे फ्योर्ड म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाड्या, बोटी, बोगदे आणि बहुतेक ठिकाणी ताशी ऐंशीची मर्यादा. उलट गेलो असतो तर लोफोटेनच्या बेटांवर रमलो असतो आणि टोकाला पोचेपर्यंत सूर्य बुडायला लागला असता.

मग दोन खुंट्या ठोकल्या. लोफोटेनमधल्या मॉस्केनेसहून बोडोला जाणारी बोट आणि शेवटी ओस्लोहून कीलला येणारं जहाज. दोन्हींचं आरक्षण आधी, बाकीचे मुक्काम त्यांच्या हिशेबाने कॅम्पिंगच्या जागांवरच्या लाकडी खोल्यांमध्ये. युरोपात ट्रक आणि बस चालवणाऱ्यांना कायदा आहे : साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, आणि एरवी दिवसाला नऊ तासांच्या वर चाक हातात धरायचं नाही. खाजगी गाडीला तो लागू नाही. मी हे सहज बोलून गेले आणि आप्पांनी तो आमच्या गाडीला लागू करून टाकला. जाताना दिवसाला चारशेची मर्यादाही त्यांचीच.

खरी खडाजंगी झाली ती राखीव दिवसावरून. आप्पांना परतीच्या वाटेवर एक दिवस मोकळा हवा होता. नवरा म्हणे, त्या दिवशी करायचं काय? आप्पा म्हणाले, "ब्रेकडाऊन." शेवटी एक पिवळा रकाना टाकला. नवऱ्याने त्यात 'आप्पा' एवढंच लिहिलं.

बाकी कागदपत्रांचं फारसं काही नव्हतं. सगळे देश शेंगेनमधले, त्यामुळे आप्पांचा एकच व्हिसा पुरला. चलनं मात्र चार : युरो आणि तीन देशांचे तीन क्रोन, नाव एक आणि भाव निराळे. दिवे दिवसाढवळ्याही लावूनच चालवायचं. नॉर्वे युरोपीय संघात नाही, म्हणून तिथले कस्टमचे नियम वेगळे वाचले. संघातल्या देशांतून फळं-भाज्या दहा किलोपर्यंत आणता येतात, बटाटा मात्र एकही नाही. मी त्यावर खूण केली आणि विसरले.

दिवस १, शुक्रवार. हॅम्बुर्ग – माल्मो

सकाळी सहाला आप्पांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारीण बाल्कनीत कॉफी घेऊन उभी होती, तिला समजावून सांगायला माझं जर्मन कमी पडलं. लेकीने सायकलची घंटी आणली होती. आजोबांनी तिला कंडक्टर नेमलं : एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. डबल बेल पडली आणि लिंबं चिरडून गाडी निघाली.

फेहमार्न बेटावर नेणारा १९६३ चा पूल लांबून कपड्यांच्या हँगरसारखा दिसतो. तिथले लोक त्याला हँगरच म्हणतात. बेटाच्या पलीकडच्या टोकाला, पुटगार्डनला, गाडीसकट बोटीत शिरायचं आणि पाऊण तासात डेन्मार्कच्या रोडबीला उतरायचं. या समुद्राखाली अठरा किलोमीटरचा बोगदा बांधताहेत. काँक्रीटचे प्रचंड तुकडे किनाऱ्यावर ओतायचे, तरंगत न्यायचे आणि तळाशी बुडवून एकमेकांना जोडायचे. आप्पांना आमच्या धोपावे-दाभोळच्या फेरीबोटीची आठवण झाली. "बोगदा झाल्यावर या बोटीवरची माणसं काय करतील?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही.

कोपनहेगन बाहेरूनच ओलांडलं. समुद्रावरून स्वीडनला नेणारा ओरेसुंडचा मार्ग २००० सालापासून सुरू आहे. डेन्मार्ककडून आधी चार किलोमीटरचा बोगदा, मग माणसाने केलेलं बेट, आणि तिथून जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल. सगळाच पूल का नाही बांधला, तर कोपनहेगनचा विमानतळ अगदी शेजारी आहे, पुलाचे उंच मनोरे विमानांच्या वाटेत आले असते. टोल बघून आप्पांनी त्याचे रुपये केले आणि वहीत लिहिले. रुपये करणं त्यांनी पुढचे तीन दिवस चालू ठेवलं, मग तब्येतीसाठी बंद केलं.

दिवस २. माल्मो – ग्रेना, ३३० किमी

ई-४ महामार्ग हा स्वीडनचा कणा. दक्षिणेत दोन्ही बाजूंना दुपदरी आहे. आप्पांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत होता आणि प्रत्येक वळणाला ते दचकत होते, कारण आयुष्यभर डावीकडून चालवलेलं. "ही माणसं जन्मापासून उजवीकडूनच चालवतात का?"

नाही! आणि हा किस्सा मी त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. स्वीडन १९६७ पर्यंत डावीकडून चालायचं. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाचला दहा मिनिटं कमी असताना देशभरातली वाहनं थांबली, सावकाश उजव्या अंगाला गेली, आणि पाचच्या ठोक्याला पुन्हा सुरू झाली. ऐकणाऱ्या सगळ्यांना या किस्स्यातला गोंधळ आवडतो. आप्पांनी वेगळंच विचारलं. "बसच्या दरवाज्यांचं काय केलं? दरवाजे तर डावीकडे असणार."

मोबाइलवर शोधलं. हजारो बसना उजवीकडे दरवाजे बसवले, नव्या बस घेतल्या, आणि काही जुन्या पाकिस्तान आणि केनियाला विकल्या. आप्पांचं समाधान झालं. "म्हणजे तयारी केली होती. नुसता हुकूम नव्हता काढला."

ग्रेनाला व्हेटर्न तळ्याकाठी मुक्काम. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंट कांड्यांचं हे गाव. १८५९ मध्ये अमालिया एरिकसन या विधवा बाईने त्या करून विकायला सुरुवात केली. तेव्हा बाईमाणसाने धंदा करायचा तर खास परवानगी लागायची. लेकीने तीन कांड्या संपवल्या आणि रात्री झोपली नाही.

दिवस ३. स्टॉकहोम

वासा जहाज पाहिलं. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत दीड किलोमीटरसुद्धा न जाता बंदरातच बुडालं, आणि १९६१ मध्ये वर काढलं. वर तोफा जास्त, खाली वजन कमी. आप्पांचं मत : टपावर माल भरला की गाडी घाटात लागते, तसंच हे.

दिवस ४. स्टॉकहोम – सुंड्सवाल, ३७५ किमी

आजचा दिवस झाडांचा. सूचिपर्णी, मग आणखी सूचिपर्णी. यातही आप्पांना बघायला मिळालं ते रस्त्याचं डोकं. उत्तरेकडे ई-४ बराचसा तीन पदरांचा आहे. मधला पदर दोन-तीन किलोमीटर तुमचा, मग तेवढाच समोरून येणाऱ्यांचा, आणि दोघांच्या मध्ये पोलादी तारांचं कुंपण. म्हणजे ओव्हरटेक करायचं तर आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, आणि समोरासमोर धडक होणंच शक्य नाही. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने ठरवलं की रस्त्यावर एकही माणूस मरता कामा नये. माणूस चुकणार हे धरून रस्ता बांधायचा, असा त्याचा अर्थ. आप्पा बराच वेळ तारांकडे बघत होते. त्यांच्या आगारातले दोन सहकारी ओव्हरटेकमध्ये गेले. ते त्याबद्दल बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही.

दिवस ५. सुंड्सवाल – उमेओ

'उंच किनारा' नावाचा टापू. हिमयुगात इथे बर्फाचा इतका जाड थर होता की त्याच्या भाराने जमीन दबली होती. बर्फ वितळला, आणि दबलेली जमीन अजून वर येतेय, वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर. जुनी किनारपट्टी आज समुद्रापासून २८५ मीटर उंचीवर, डोंगरात सापडते. लेकीने हिशेब केला : आजोबांच्या वयात अर्धा मीटर. सत्तरीच्या आप्पांना तो फारच कमी वाटला.

१९९७ चा झुलता पूल ओलांडून थांबलो आणि डब्यातले घावन खाल्ले. इथला थांबा आराखड्यात पंचवीस मिनिटांचा होता. दीड तास बसलो.

दिवस ६. उमेओ – लुलिओ

गामेलस्टाड, म्हणजे जुनं लुलिओ. दगडी चर्चभोवती चारशेच्या वर छोटी लाल लाकडी घरं, आणि त्यांत कायमचं कुणी राहत नसे. लांबच्या वाड्यांवरून चर्चला येणाऱ्यांना एका दिवसात परतणं अशक्य, म्हणून रविवारच्या मुक्कामापुरतं प्रत्येक कुटुंबाचं एक घर. आप्पा म्हणाले, "मुक्कामी गाडीसारखी ही मुक्कामी गाव." शहराचं बंदर मात्र इथे राहिलं नाही. जमीन वर आली, खाडी उथळ झाली, आणि १६४९ मध्ये लुलिओ शहरच समुद्राकडे हलवावं लागलं. कालच्या आठ मिलिमीटरचा हा परिणाम.

संध्याकाळी बाजारात पाच किलो बटाटे स्वस्त मिळाले. मी घेतले.

दिवस ७. लुलिओ – रोवानिएमी

हापारांडा स्वीडनमध्ये, टोर्निओ फिनलंडमध्ये, मध्ये फक्त नदी. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला गमावलं तेव्हा टोर्निओ पलीकडे गेलं, म्हणून अलीकडे हापारांडा वसवलं. आज सीमा ओलांडताना काहीच होत नाही, फक्त घड्याळ एक तास पुढे जातं. नवऱ्याने सगळं नीट मांडलं होतं, तेवढा हा एक तास विसरला होता. रोवानिएमीच्या खोलीची किल्ली सहाला बंद होणाऱ्या खिडकीवर मिळायची होती. आम्ही आमच्या मते पावणेसहाला पोचलो. खिडकीवरची बाई परत आली आणि तिने किल्ली दिली, पण आप्पांनी वहीच्या वेळेच्या रकान्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

रोवानिएमी १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळलं. पुढे आल्वार आल्टो या वास्तुविशारदाने रस्त्यांचा नकाशा रेनडिअरच्या शिंगांच्या आकाराचा आखला. जमिनीवरून ते अजिबात कळत नाही. सांताक्लॉजचं गाव उत्तरेला आठ किलोमीटरवर, आर्क्टिक वृत्तावर. पांढऱ्या रेषेवर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. बाकी तिथे दुकानं आहेत.

दिवस ८. रोवानिएमी – इनारी, ३२५ किमी

आज रेनडिअर. आधी एक, मग आठ, मग वळणावर वीस-पंचवीस, सगळे रस्त्याच्या मधोमध, कारण तिथे वारा असतो आणि डास कमी. हॉर्न वाजवून फरक पडत नाही. यातला एकही जंगली नाही, प्रत्येकाच्या कानावर मालकाची खूण कापलेली असते. गाडीने धडक दिली तर ११२ ला कळवावं लागतं. नवरा वैतागला होता. आप्पांनी त्याला गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून नुसतं हळूहळू सरकत राहायला सांगितलं. "म्हशींना बघत नाहीस का रे? थांबलास की त्यापण थांबतात." रेनडिअर बाजूला झाले. आप्पा जावयाला एरवी 'अहो' म्हणतात, 'अरे' फक्त घाटात.

इनारी हे सामी लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं गाव. फिनलंडच्या सामी लोकांची संसद इथे आहे. सीदा संग्रहालयात आठ ऋतूंचं सामी वर्ष पाहिलं. रेनडिअरच्या वेळापत्रकावर बेतलेलं वर्ष आहे ते. इनारी सामी भाषा बोलणारे काहीशेच राहिलेत. तरीही गावातल्या पाट्यांवर ती भाषा आहे.

रात्री स्वयंपाक करताना खूण आठवली. उद्या नॉर्वे, आणि गाडीत साडेचार किलो बटाटे! फेकून देणं आप्पांना मान्य नव्हतं. मग अकरा वाजता, बाहेर लख्ख उजेड, खिडकीच्या जाळीला डास चिकटलेले, आणि आम्ही चौघं बटाटे सोलत बसलो. सुकी भाजी, काचऱ्या, उरलेल्यांचा रस्सा. शेजारच्या खोलीतल्या फिनिश जोडप्याला एक मोठी वाटी दिली. त्यांनी मोहरी काय आहे ते विचारलं.

झोप आली नाही. आप्पांनी गाडीतली चादर सेफ्टी पिनांनी खिडकीवर टाचली, डोळ्यांवर मफलर बांधला, तरी दोन वाजता उठून बसले. "मुक्कामाला जायचो तेव्हा अंधार पडला की गाडी बंद. इथे गाडी बंद कधी करायची?"

दिवस ९, शनिवार. इनारी – नॉर्डकाप, ३८५ किमी

कारिगास्निएमीला नदीवरचा पूल, पलीकडे नॉर्वे. आम्हाला कुणीही थांबवलं नाही, कुणी काही विचारलं नाही. मागच्या सीटवर तीन डब्यांत शिजलेले बटाटे होते. घड्याळ एक तास मागे आलं आणि आप्पांनी परवाचं प्रश्नचिन्ह खोडलं.

कारास्योक, लाक्सेल्व, मग डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला पोर्सांगर फ्योर्ड. ओल्डेरफ्योर्डला ई-६९ लागतो, तिथून टोक १२९ किलोमीटर. झाडं संपली, मग झुडपंही. नॉर्डकाप बेटावर आहे आणि तिथे नेणारा बोगदा समुद्राखालून जातो. लांबी ६.९ किलोमीटर, सर्वांत खोल जागी पाण्याच्या पातळीखाली २१२ मीटर. १९९९ मध्ये सुरू झाला. उतार तीव्र. बोगद्यात शिरताच आप्पा सरसावून बसले.

"गिअर पाड. ब्रेकवर पाय ठेवू नको. इंजिनावर उतर."

"आप्पा, ऑटोमॅटिक आहे."

"मग तिला सांग."

तळाशी पोचून गाडी चढाला लागली तेव्हा ते मागे टेकले. "कुंभार्ली उलटी टांगल्यासारखी आहे."

होनिंग्सवोगला जेवलो (काचऱ्या), झोपायचा प्रयत्न केला आणि साडेदहाला पुन्हा निघालो. वर पोचलो तर धुकं. ३०७ मीटर उंच कड्यावर १९७८ साली बसवलेला लोखंडी पृथ्वीगोल दहा पावलांवरून दिसेना. कुंपणाशी शेकडो माणसं उत्तरेकडे तोंड करून उभी, समोर राखाडी कापूस. इथलं रेखावृत्त पाहता सूर्य सर्वांत खाली येतो तो घड्याळातल्या बाराला नाही, वीस-पंचवीस मिनिटं नंतर. नवरा ही माहिती शेजारच्यांना देत होता. कुणाला फारसा रस नव्हता. खरं तर हे युरोपचं टोकही नाही. शेजारचंच भूशिर, क्निवशेलओड्डेन, आणखी उत्तरेला आहे, पण तिथे एकेरी नऊ किलोमीटर चालत जावं लागतं. आतल्या दालनात सयामचे (आजच्या थायलंडचे) राजे चुलालाँगकॉर्न यांच्या १९०७ च्या भेटीची आठवण जपली आहे. त्यांना धुकं होतं की नाही ते लिहिलेलं नाही.

एक वाजता परत फिरलो. स्कार्सवोगच्या फाट्याजवळ रस्ता उतरला, ढगांची खालची कड वर गेली, आणि तिथे, समुद्रापासून अर्ध्या बोटावर, सूर्य. संत्र्यासारखा, डोळ्यांनी सहज बघता येईल असा. लेकीने आपण होऊन एक टोला दिला. रस्त्यावर आम्ही आणि तीन रेनडिअर. आप्पा गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून बघत राहिले, मग वहीत वेळ लिहिली : १.२५.

दिवस १०, रविवार. आल्ताकडे

दुपारी निघालो. स्काईदीच्या पुढे ई-६ सेन्नालांदेतच्या उघड्या पठारावर चढतो, आणि तिथेच मागचं डावं चाक बसलं. आप्पा खाली उतरले, डिकी उघडली, गालिचा उचलला. खाली स्टेपनीच्या जागी एक डबा आणि छोटा पंप.

"स्टेपनी?"

नवऱ्याने सांगितलं की हल्लीच्या गाड्यांना देत नाहीत, वजन वाचवतात, हा फेस टायरमध्ये भरायचा. आप्पांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. संपूर्ण प्रवासात ते एवढे चिडलेले मी पाहिले नाहीत. फेस भरला, तो चिरेतून बाहेर आला. खडीच्या टोकाने रबर चांगलं बोटभर कापलं होतं.

वीस मिनिटांनी एक कॅराव्हॅन थांबली. साठीचा माणूस, नॉर्वेजियन, इंग्रजी जेमतेम. त्याच्याकडे रबराच्या वाती आणि सुया होत्या. त्याने एक वात घातली, ती निसटली. आप्पांनी हात पुढे केला, त्यानेही सुई दिली. आप्पांनी तीन वाती एकत्र पिळल्या, थुंकी लावून भोकात दाबल्या, पंप लावला आणि कान टायरला टेकून ऐकत बसले. वारा जोरात होता तरी म्हणाले, "गळत नाही." त्या गृहस्थाने पैसे घेतले नाहीत. आम्ही त्याला लसणीची चटणी दिली, देताना तिखट आहे हे हातवाऱ्यांनी सांगितलं.

आल्तापर्यंत ताशी पन्नासने, दर वीस किलोमीटरला खाली उतरून. वाटेत नवरा म्हणाला, "पिवळा रकाना." आप्पा काही बोलले नाहीत.

दिवस ११. आल्ता

टायर आमच्या मापाचं नव्हतं. उद्या सकाळी येईल म्हणाले. मग दिवसभर शैलचित्रं पाहिली. सात हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीची कोरीव चित्रं, १९७३ पासून सापडत गेली, १९८५ मध्ये जागतिक वारशात आली. रेनडिअर, त्यांना अडवायची कुंपणं, होड्या, अस्वलं. आणि इथे उमेओच्या अलीकडचं कोडं पुन्हा भेटलं : चित्रं पाण्याच्या काठावर कोरायचे आणि जमीन वर येत गेली, म्हणून जितकं चित्र उंचावर तितकं ते जुनं. लेक धावत वर गेली आणि ओरडली, "आजोबा, इथे सात हजार!" हा दिवस आराखड्यात नुसता पिवळा रकाना होता आणि माझ्या मते सगळ्या सहलीतला सर्वांत चांगला होता.

दिवस १२. आल्ता – ट्रॉम्सो

नवं टायर, दुपारी बाराला प्रस्थान. ई-६ ने पूर्ण वळसा न घालता ओल्डेरडालेन – लिंगसाइदेत आणि स्वेन्सबी – ब्राइविकाइदेत अशा दोन बोटी घेतल्या. अंतर शंभरेक किलोमीटरने वाचतं. वेळ फारसा वाचत नाही, पण चालवणाऱ्याचे हातपाय मोकळे होतात. दोन बोटींच्या मध्ये लिंगेनचे डोंगर, जुलै संपत आला तरी बर्फाचे पट्टे मिरवणारे. ट्रॉम्सोला पोचलो तेव्हा बाजार बंद झाला होता. चर्च पुलावरूनच बघितलं. पुढे निघालो.

दिवस १३ आणि १४. लोफोटेन

ट्रॉम्सो ते स्वोल्वेर ४२० किलोमीटर, म्हणजे आप्पांच्या जातानाच्या मर्यादेपेक्षाही जास्त. बोट धरायची होती, त्यांनी परवानगी दिली. वाटेत दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा पाऊस होता.

लोफोटेनमध्ये डोंगर सरळ समुद्रातून उभे. त्यांच्या पायाशी लाल कोळीघरं आणि लाकडी मांडव. हिवाळ्याच्या अखेरीस इथे कॉड मासा येतो, डोकी काढून, शेपटीला शेपटी बांधून, फेब्रुवारीपासून मेपर्यंत या मांडवांवर वाळवतात. मीठ नाही, फक्त वारा. उत्तम प्रतीचा माल इटलीला जातो, वाळलेली डोकी नायजेरियाला. आम्ही गेलो तेव्हा मांडव रिकामे होते, वास तेवढा शिल्लक होता. आप्पांनी डोळे मिटून तो वास घेतला. "हर्णै." त्यांच्या बॅगेत सुकट होती, आमच्याइतकीच फिरलेली. संध्याकाळी ती शिजली आणि शेजारच्या खोलीतून या वेळी कुणी काही मागायला आलं नाही.

ई-१० जिथे संपतो त्या गावाचं नाव एका अक्षराचं, नॉर्वेजियन वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. उच्चार साधारण 'ऑ'. लेकीला हे फार आवडलं. तिने मागून आजोबांना दर दहा मिनिटांनी 'ऑ?' असं विचारलं आणि आप्पा खरंच ऐकू आलं नाही असं समजून तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिले.

मॉस्केनेसच्या धक्क्यावर आरक्षण नसलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत होती. आम्ही आरक्षणवाल्या रांगेतून आत गेलो. नवरा काही बोलला नाही, पण मान ताठ होती.

दिवस १५ ते १७. बोडो – मूशेन – ट्रॉनहाइम – ओस्लो

या तीन दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाऊस, ई-६, साल्टफ्येलेटच्या माळावर आर्क्टिक वृत्त पुन्हा ओलांडलं, या वेळी कुणी फोटो काढला नाही. मूशेनला पंधरा दिवसांनी पहिल्यांदा खरा काळोख पडल्यासारखं वाटलं आणि आप्पा नऊ तास झोपले. डोव्रेच्या पठारावर लेकीला गाडी लागली. ट्रॉनहाइमला मी चर्चपेक्षा धुलाईयंत्राला जास्त वेळ दिला.

दिवस १८ आणि १९. ओस्लो – कील – हॅम्बुर्ग

जहाज दुपारी दोनला सुटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कीलला लागतं. पैशाने पाहिलं तर महाग. पण ओस्लोहून हॅम्बुर्ग म्हणजे आणखी दोन दिवसांचं चालवणं, दोन मुक्काम आणि ओरेसुंडचा टोल, तो हिशेब मांडल्यावर फरक उरला नाही. आप्पा संध्याकाळभर डेकवर बसून होते, वहीत बेरजा करत. पेट्रोलचा प्रत्येक थेंब त्यांनी नोंदवला होता.

"सतरा पॉईंट नऊ. लिटरला. कुंभार्लीत एवढा आवरेज आम्हाला स्वप्नातही नाही मिळाला."

एकूण ५,४६० किलोमीटर, धक्क्यांवरच्या रांगा धरून. शेवटचे शंभर ते रोज करायचे तसे गप्प बसून, समोर बघत गेले. गॅरेजसमोर गाडी उभी राहिली तेव्हा पहिल्या दिवशीची चिरडलेली लिंबं वाळून जमिनीला चिकटलेली होती. लेकीने घंटीचा एक टोला दिला. आप्पांनी वेळ लिहिली, वही मिटली, आणि जावयाकडे वळले.

"स्टेपनी कधी आणताय?"